मतदार यादी : घराकडून व्यक्तीकडे

मागील घटकात आपण प्रौढ मताधिकाराच्या तत्त्वाचा अभ्यास केला. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३२६ नुसार अठरा वर्षे पूर्ण केलेल्या नागरिकाला मतदार म्हणून नोंदले जाण्याचा हक्क आहे. १९८८ च्या एकसष्टाव्या घटनादुरुस्तीपूर्वी ही वयोमर्यादा एकवीस वर्षे होती. मात्र हा हक्क आणि प्रत्यक्ष मतदान यांच्यामध्ये एक कागद उभा असतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ६२ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की, ज्याचे नाव त्या वेळी मतदार यादीत नाही त्याला मत देता येणार नाही. म्हणजे तुम्ही नागरिक असाल, वयाने पात्र असाल, गावात तुम्हाला सर्व जण ओळखत असतील, खिशात ओळखपत्रही असेल. तरी यादीत नाव नसेल तर मतदान केंद्राध्यक्ष तुम्हाला मतपत्रिका किंवा यंत्र वापरू देऊ शकत नाही. प्रस्तुत घटकात आपण या कागदाचा, म्हणजेच मतदार यादीचा, विचार करणार आहोत. ही यादी कोणाच्या सांगण्यावरून तयार होते, घराच्या की व्यक्तीच्या, आणि ती अचूक ठेवण्याचा भार कोणी उचलायचा, हा आपला मुख्य प्रश्न आहे.

आपल्या धाराशिव जिल्ह्याच्या दृष्टीने या प्रश्नाला एक ऐतिहासिक पार्श्वभूमी आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तेथे प्रौढ मताधिकार नव्हता. संस्थानाच्या अखेरच्या काळातील सुधारणांमध्येही प्रतिनिधित्वाचा पाया व्यक्ती हा नव्हता. जमीनदार, व्यापारी, शेतकरी अशा हितसंबंधांच्या गटांना प्रतिनिधित्व देण्याची ती कल्पना होती. संस्थान मुक्त झाल्यानंतर अवघ्या तीन-साडेतीन वर्षांत, १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, येथील शेतमजूर आणि देशमुख एकाच यादीत, एकाखाली एक, अनुक्रमांकाने आले. अनुच्छेद ३२५ मध्ये प्रत्येक प्रादेशिक मतदारसंघासाठी एकच सर्वसाधारण मतदार यादी असेल आणि धर्म, वंश, जात किंवा लिंग यांच्या आधारे कोणालाही त्यातून वगळले जाणार नाही, असे जे म्हटले आहे त्याचा व्यावहारिक अर्थ हा होता.

त्या पहिल्या यादीत देशभरात सुमारे १७ कोटी ३२ लाख मतदार होते. ती तयार करताना उद्भवलेली एक अडचण आपल्या विषयाच्या गाभ्याशी नेते. नावे नोंदवणारे कर्मचारी दारात उभे राहिले तेव्हा अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगण्यास नकार दिला. परक्या पुरुषाला आपले नाव सांगणे त्यांच्या रीतीत बसत नव्हते. परिणामी ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची पत्नी’ अशा नोंदी झाल्या. बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान या भागांत हे प्रमाण मोठे होते. (आपल्याकडे नवऱ्याचे नाव घेण्याचा संकोच होता आणि त्यातून उखाणा निघाला, तिकडे स्वतःच्याच नावाचा संकोच होता.) पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ग्राह्य धरण्यास नकार दिला. नावे दुरुस्त करून घेण्यासाठी मुदत दिली गेली, तरीही सुमारे आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून काढावी लागली.

या निर्णयाकडे दोन दृष्टींनी पाहता येते. एका बाजूने २८ लाख नागरिक पहिल्याच निवडणुकीत मताला मुकले. दुसऱ्या बाजूने, मतदार ही स्वतंत्र व्यक्ती आहे, ती कोणाची तरी नातलग म्हणून यादीत येत नाही, हे तत्त्व प्रस्थापित झाले. पुढील निवडणुकीपर्यंत बहुसंख्य स्त्रियांची नावे रीतसर नोंदली गेली. प्रस्तुत लेखकाच्या मते सेन यांचा निर्णय योग्य होता. परंतु त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांना कोणी विचारले नव्हते, हेही विसरू नये. अचूकतेसाठी कठोर झालेला प्रत्येक नियम काही खऱ्या मतदारांना बाहेर ठेवतो. हा ताण या घटकात पुन्हा पुन्हा भेटेल.

घराची नोंद आणि व्यक्तीची नोंद

मतदार नोंदणीच्या जगात दोन पद्धती आढळतात. पहिल्या पद्धतीत घर हा एकक असतो. कुटुंबप्रमुख एक अर्ज भरतो आणि घरात राहणाऱ्या सर्व पात्र व्यक्तींची नावे देतो. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ हीच पद्धत होती. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक व्यक्तीने स्वतः अर्ज करावयाचा असतो. उत्तर आयर्लंडने २००२ च्या कायद्यान्वये, तर इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड यांनी २०१४ पासून ही वैयक्तिक पद्धत स्वीकारली. अर्जदाराने स्वतःची जन्मतारीख आणि राष्ट्रीय विमा क्रमांक देणे आवश्यक झाले. त्यामागचा युक्तिवाद सरळ होता. एका माणसाच्या सहीवर पाच-सहा जणांचा मताधिकार अवलंबून ठेवणे म्हणजे त्या माणसाला नको तितकी सत्ता देणे होय. शिवाय नसलेल्या माणसांची नावे घुसवण्यासही वाव राहतो. पण परिणाम तितका सरळ नव्हता. उत्तर आयर्लंडमधील पहिल्या वैयक्तिक यादीत सुमारे एक दशांश नावे कमी झाली. त्यांतील काही मुळातच खोटी किंवा कालबाह्य असतील. काही मात्र अर्ज न भरलेल्या खऱ्या माणसांची होती. वारंवार घर बदलणारे भाडेकरू आणि तरुण यांची नोंद अशा पद्धतीत मागे पडते, हा अनुभव ब्रिटनने पुढेही घेतला.

भारतात या दोन्ही पद्धतींचे मिश्रण आहे. मतदार नोंदणी नियम, १९६० मध्ये नमुना ४ आहे. यादी तयार करताना घरातील रहिवाशांकडून एकत्रित माहिती मागवण्यासाठी तो असतो. त्याच नियमांतील नमुना ६ मात्र व्यक्तीचा आहे. नवीन नाव नोंदवायचे असेल तर ज्याचे त्यानेच तो भरावयाचा असतो आणि स्वतःच्या वयाबद्दल व वास्तव्याबद्दल घोषणापत्रावर सही करावयाची असते. खोटी घोषणा केल्यास १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम ३१ नुसार एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कायदा असा व्यक्तीकडे वळलेला असला, तरी यादीची मांडणी अजूनही घराचीच आहे. यादीचा भाग उघडून पाहा : घर क्रमांकाच्या क्रमाने नावे, नावाखाली वडिलांचे किंवा पतीचे नाव. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, ज्यांना आपण बीएलओ म्हणतो आणि जे बहुधा गावातील शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका असतात, घरोघर जाऊन दारात भेटेल त्यालाच विचारतात, “घरात कोण कोण आहे?” त्या उत्तरावर बरेच काही ठरते.

घर असणे आणि राहणे

हे उत्तर धाराशिव जिल्ह्यात कठीण का होते, ते समजून घेण्यासाठी दोन कुटुंबांची कल्पना करू. पहिले कुटुंब वाशी किंवा भूम तालुक्यातील ऊसतोड कामगारांचे. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेतलेली जोडपी, ज्यांना कारखान्याच्या भाषेत ‘कोयता’ म्हणतात, बैलगाडी किंवा ट्रॅक्टरने सोलापूर, सांगली, कोल्हापूर किंवा थेट कर्नाटकात जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. मागे राहतात ती म्हातारी माणसे. दुसरे कुटुंब पुण्यात किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये पंधरा वर्षे स्थायिक झालेले. गावात त्यांचा वाडा आहे, सातबाऱ्यावर नाव आहे, यात्रेला ते न चुकता येतात आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत त्यांना आणण्यासाठी गाडीही पाठवली जाते.

या दोघांपैकी गावाच्या यादीत कोणाचे नाव असावे? १९५० च्या अधिनियमाचे कलम १९ अर्हता सांगते : अर्हता दिनांकास वयाची अठरा वर्षे पूर्ण आणि मतदारसंघात ‘सर्वसाधारण वास्तव्य’. कलम २० या शब्दांचा अर्थ लावते. केवळ घराची मालकी किंवा ताबा आहे एवढ्यावरून कोणी तेथील सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. आणि तात्पुरता बाहेर गेलेला माणूस केवळ त्या कारणाने रहिवासी असणे थांबत नाही. म्हणजे दाराला कुलूप असूनही ऊसतोड कामगाराचे नाव गावच्या यादीत राहते, तर उघड्या वाड्याच्या मालकाने आपले नाव पुण्यात नोंदवावयास हवे. पुण्यात नाव नोंदवूनही गावचे ठेवले असेल तर कलम १७ चा भंग होतो. एका व्यक्तीचे नाव एकापेक्षा अधिक मतदारसंघांच्या यादीत असू शकत नाही. गावाशी असलेली ओढ खरी असते, ‘आपले मत आपल्या मातीत’ ही भावनाही समजण्यासारखी आहे, पण कायदा ओढ मोजत नाही, वास्तव्य मोजतो.

प्रत्यक्षात अनेकदा उलटे घडण्याची भीती असते, कारण कुलूप डोळ्यांना दिसते आणि कलम २० दिसत नाही. शिवाय १ जानेवारी या अर्हता दिनांकावर आधारित वार्षिक संक्षिप्त पुनरीक्षणाचा कार्यक्रम वर्षानुवर्षे साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबर ते जानेवारी असा राहिला आहे. प्रारूप यादी प्रसिद्ध होते, दावे व हरकती मागवल्या जातात, ग्रामसभेत यादीचे चावडी वाचन होते. नेमक्या याच काळात ऊस तोडणारा माणूस फडात असतो. २०२४ ची विधानसभा निवडणूकही २० नोव्हेंबरला झाली. चावडीवर आपले नाव वाचले गेले की नाही हे सांगायला तो तेथे नसतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर १ ऑगस्ट २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर असे चार अर्हता दिनांक झाले, आणि सतरा वर्षे पूर्ण झालेल्या युवकाला आगाऊ अर्ज करता येऊ लागला. स्थलांतरित कुटुंबांतील मुलामुलींच्या दृष्टीने ही लहान वाटणारी सुधारणा फार उपयोगाची आहे. हंगामाहून परतल्यावर उन्हाळ्यात अर्ज करता येतो.

स्थलांतराचा आणखी एक प्रकार इतका सवयीचा आहे की त्याला आपण स्थलांतर म्हणतच नाही. तो म्हणजे लग्न. मुलगी सासरी जाते, पण तिचे नाव माहेरच्या यादीत राहते. सासरी नव्या नावाने, नवऱ्याच्या आडनावाने नमुना ६ भरला जातो आणि एकाच स्त्रीच्या दोन नोंदी तयार होतात. तिचा हेतू फसवणुकीचा नसतो. तिला किंवा अर्ज भरून देणाऱ्याला योग्य नमुना माहीत नसतो. वास्तव्याचे स्थानांतर, नावातील दुरुस्ती आणि नवे ओळखपत्र या सर्वांसाठी २०२२ पासून एकच नमुना ८ आहे. तो भरल्यास जुनी नोंद आपोआप हलते आणि ओळखपत्राचा क्रमांकही तोच राहतो. उलट चूकही घडते : माहेरचे नाव वगळले जाते आणि सासरी नोंदच होत नाही. १९५१ मध्ये नाव न सांगणारी स्त्री आणि आज दोन्ही गावांच्या यादीतून निसटलेली स्त्री, यांच्यात वाटते तितके अंतर नाही.

सीमेच्या दोन बाजू

आतापर्यंत आपण निष्काळजीपणाचा विचार केला. आता हेतुपुरस्सर केलेल्या गैरप्रकारांकडे वळू. योगायोगाने त्याची दोन ठळक उदाहरणे आपल्या परिसरातील आहेत. विधानसभा निवडणुकीपूर्वी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, तुळजापूर मतदारसंघात नवीन नोंदणीसाठी ऑनलाइन आलेल्या हजारो अर्जांबाबत छाननीत संशय निर्माण झाला आणि प्रकरण पोलिसांत गेले. त्याच पंधरवड्यात चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा मतदारसंघात आलेल्या ७,५९२ अर्जांपैकी ६,८६१ अर्ज पडताळणीअंती बाद ठरवण्यात आले व तेथेही गुन्हा नोंदला गेला.

उमरग्याकडून राज्याची सीमा ओलांडली की कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्याचा आळंद तालुका लागतो. तेथे याच्या अगदी विरुद्ध घडले. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी नावे वगळण्यासाठी नमुना ७ चे ६,०१८ अर्ज ऑनलाइन दाखल झाले. ज्यांच्या नावाने ते भरले गेले होते त्यांतील अनेकांना त्याची कल्पनाच नव्हती. प्रत्यक्ष पडताळणीत केवळ २४ अर्ज खरे निघाले. बाकी नावे कायम राहिली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये गुन्हा नोंदवण्यात आला.

ही उदाहरणे शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. एकीकडे नसलेली माणसे यादीत आणण्याचा प्रयत्न, दुसरीकडे असलेली माणसे यादीतून घालवण्याचा. सार्वजनिक चर्चेत आपण बहुधा यांपैकी एकाच प्रकारावर बोलतो. कोणत्या, ते आपला पक्ष कोणता यावर ठरते. यादीच्या दृष्टीने दोन्ही दोष सारखेच आहेत. बनावट नोंद एका खऱ्या मताला निष्प्रभ करते आणि चुकीची वगळणूकही एक खरे मत नाहीसे करते. फरक एवढाच की, पहिल्यात नुकसान झालेला मतदार अनामिक असतो, तर दुसऱ्यात तो मतदानाच्या दिवशी केंद्रावरून परत फिरतो. लक्षात घ्या, येथे साधन एकच होते : घरबसल्या, दुसऱ्याच्या वतीने भरता येणारा ऑनलाइन अर्ज. आणि ते निष्फळ ठरवणारी गोष्टही एकच होती : कोणीतरी त्या दारापर्यंत चालत गेले.

कायद्याने वगळणुकीविरुद्ध काही संरक्षण दिले आहे. लालबाबू हुसेन प्रकरणात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ज्याचे नाव आधीच यादीत आहे त्याची नोंद रीतसर झाली असे गृहीत धरले पाहिजे आणि म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय ते काढता येणार नाही. १९५० च्या अधिनियमाचे कलम २२ हेच सांगते. मात्र मृत्यू हा त्याला अपवाद आहे, कारण मृताला नोटीस देण्यात अर्थ नाही. हा अपवाद तर्कशुद्ध असला तरी धोक्याचा आहे. चुकून ‘मयत’ असा शेरा पडलेल्या जिवंत माणसाला त्यामुळे सूचनाच मिळत नाही. जन्म-मृत्यू नोंदणीची माहिती थेट निवडणूक यंत्रणेकडे पाठवण्याची जी व्यवस्था अलीकडे उभी राहत आहे, तिचे महत्त्व येथे आहे. शेजाऱ्याच्या सांगण्यापेक्षा मृत्यूचा दाखला केव्हाही बरा.

२०२५ मध्ये बिहारमध्ये झालेल्या विशेष सखोल पुनरीक्षणाने हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा केला. तेथे प्रत्येक मतदाराने स्वतंत्र गणना प्रपत्र भरून द्यावयाचे होते. सुमारे ७.८९ कोटी मतदारांची यादी १ ऑगस्टच्या प्रारूपात ७.२४ कोटींवर आली. वगळलेल्या सुमारे ६५ लाख नावांची यादी कारणांसह प्रसिद्ध करण्याचा आदेश १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दिला. ३० सप्टेंबरची अंतिम यादी ७.४२ कोटींची होती. या प्रक्रियेच्या आवश्यकतेबद्दल तीव्र मतभेद आहेत आणि ते या घटकाच्या कक्षेबाहेरचे आहेत. आपल्यासाठी महत्त्वाचा आहे तो कारणांसह यादी प्रसिद्ध करण्याचा आदेश. नाव का गेले हे कळले तरच माणूस ते परत मागू शकतो.

दुबार तारे आणि स्थानिक याद्या

महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांसाठी वेगळा मार्ग अवलंबला. दुबार असल्याचा संशय असलेल्या नावांपुढे दोन तारे छापण्यात आले. अशा मतदाराने कोणत्या केंद्रावर मत देणार हे सांगावयाचे आणि अन्यत्र मतदान करणार नाही असे घोषणापत्र द्यावयाचे, अशी योजना होती. नाव काढलेले नाही आणि संशयही लपवलेला नाही, अशी ही मधली वाट आहे. ती अवलंबावी लागली याचे एक कारण असे की, राज्य निवडणूक आयोग स्वतःची यादी करत नाही. तो विधानसभेची यादी घेतो आणि प्रभाग किंवा गटांनुसार तिचे विभाजन करतो. नावे घालण्या-काढण्याचा अधिकार भारत निवडणूक आयोगाच्या यंत्रणेकडे असतो. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या तोंडावर तहसील कार्यालयात “माझे नाव घाला” असे सांगणाऱ्याला रिकाम्या हाती परतावे लागते ते यामुळे. नोंद विधानसभेच्या यादीत, निश्चित केलेल्या तारखेपूर्वी व्हावी लागते. (जाता जाता : जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले असले तरी लोकसभा व विधानसभा मतदारसंघाचे नाव परिसीमन आदेशानुसार ‘उस्मानाबाद’ असेच राहिले. ऑनलाइन शोध घेताना मतदारसंघ सापडत नाही अशी तक्रार करण्यापूर्वी हे ध्यानात ठेवावे.)

विधानसभा आणि लोकसभेसाठीही मर्यादा आहे : नामनिर्देशनपत्रे भरण्याच्या अखेरच्या तारखेनंतर यादीत बदल होत नाही. मतदार नोंदणी अधिकाऱ्याचा, म्हणजे बहुधा उपविभागीय अधिकाऱ्याचा, निर्णय मान्य नसल्यास पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि त्यानंतर तीस दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे अपील करता येते. फार थोडे लोक ते करतात.

उपक्रम

आपल्या मतदान केंद्राच्या यादी भागाची प्रत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून किंवा बीएलओकडून मिळवा. आपल्या गल्लीतील किंवा वस्तीतील दहा घरे निवडा. प्रत्येक घरात कोण राहते, कोण हंगामापुरते बाहेर गेले आहे, कोणाचे लग्न होऊन गेले, कोणाचे निधन झाले आणि कोण नुकते अठरा वर्षांचे झाले, याची घरातील एकाकडून नव्हे तर शक्य तितक्या व्यक्तींकडून स्वतंत्रपणे माहिती घ्या. ती यादीशी ताडून पाहा आणि प्रत्येक तफावतीपुढे नमुना ६, ७ किंवा ८ यांपैकी कोणता लागू होतो ते लिहा. नमुना ७ लिहिण्यापूर्वी मात्र त्या व्यक्तीशी, ती फडात असली तरी फोनवर, बोला. आणि कुलूप असलेल्या घराबाबत काही ठरवण्याआधी कलम २० पुन्हा एकदा वाचा.